शामलाचं पाणी

माझी भावजय शामला हिच्याशी मी चोवीस वर्षं भांडत आलेय, आणि त्यातली निम्मी भांडणं पाण्यावरून. आमच्या घरी नळाचं पाणी फक्त फरशीला आणि कुलरला. बाकी सगळं तिच्या कॅनच्या पाण्यात. भाजी त्यात धुवायची, डाळ त्यात शिजवायची. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तोंड पुसायचा कपडासुद्धा त्यातच भिजायचा. मी म्हणायचे, "अवं, आता आंघोळपण यातच घालशील का मले?" ती म्हणायची, "घालीन. काहून नाही घालणार?" मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं पोट्टे वठणीवर आणले, ही बाई काही वठणीवर आली नाही.

तिचं माहेर भिवापूरकडचं. ती अकरा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात गावच्या विहिरीचं पाणी बिघडलं आणि तिचा धाकटा भाऊ तीन दिवसांत हगवणीनं गेला. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. मला तिच्या आईनं सांगितलं म्हणून माहीत. लग्न होऊन जरीपटक्याला आमच्याकडे आली, तर पहिल्या सकाळी हिनं काय केलं, तर माठ रिकामा करून घासायला घेतला. माझी आई बघतच राहिली. माझा भाऊ धम्मदीप तेव्हा पंपाचा फिटर होता. सात-आठ वर्षांनी नवराबायकोनं नारा रोडला एक शेड घेतलं, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं आणि थंड पाण्याच्या कॅनचा धंदा टाकला. यंत्र त्याचं, कारभार हिचा. जरीपटक्यातली कापडाची दुकानं, कळमन्यातल्या अडत्यांच्या गाद्या, लग्नाचे हॉल, सगळीकडे शामलाच्या कॅन. पर्समध्ये पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर. कुणी गिऱ्हाईक कुरकुरलं की त्याच्याच ग्लासात मीटर बुडवून आकडा नाकासमोर धरायची. दसऱ्याला दीक्षाभूमीवर शंभर कॅन फुकट, आणि तिथं आलेली म्हातारी माणसं पाणी पिऊन "गोड आहे वं" म्हणाली की ही आठवडाभर हवेत. "माह्या पाण्यात काहीच नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तिला एकच पोरगी, प्रीती. डोळ्यांचा नंबर पाचवीपासून वाढत वाढत बारावीला उणे साडेसहावर गेला. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की आतले डोळे शर्टाच्या बटणाएवढे दिसायचे. शाळेत पोरं 'ढापणी' म्हणायची. मी त्याच शाळेत, पण मी तरी कुणाकुणाचे कान धरणार? पोरगी शिकली, मिहानमधल्या एका कंपनीत लागली आणि पहिल्याच महिन्यात माझ्याकडे येऊन म्हणाली, "आत्या, मले लेन्स लावायच्या आहेत. आई नाही म्हणते." मी म्हटलं, आई काय म्हणते ते राहू दे, चल. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझीही हौस होती, आणि ते मला अजून बोचतं.

लेन्स बसवून देणारी अदिती नावाची बाई फार नीट होती. तिनं सगळे प्रकार समोर मांडले. एक रोज नवी लावायची आणि संध्याकाळी फेकून द्यायची, सगळ्यात निर्धोक. एक महिनाभर चालणारी, पण ती रोज काढून साफ करून डबीत ठेवायची. आणि एक कडक लेन्स, बुबुळ ओबडधोबड झालेल्या लोकांसाठी, जिथं चष्म्याचा उपयोग होत नाही. प्रीतीनं महिन्यावाली घेतली. मग अदितीनं नियम सांगितले. हात धुऊन कोरडे करायचे. लेन्स औषधी द्रावणातच चोळायची, कालचं द्रावण आज वापरायचं नाही. लेन्स घालून झोपायचं नाही. डबी उपडी, उघडी वाळवायची आणि तीन महिन्यांनी बदलायची. "आणि पाणी अजिबात नाही," ती म्हणाली, "नळाचं नाही, फिल्टरचं नाही, कुठलंच नाही." प्रीती मन लावून ऐकत होती. शामला तिथं नव्हती. दसरा तोंडावर आला होता, तिच्या कॅन चालल्या होत्या.

आठ महिने पोरगी मजेत होती. कधी डोळे कोरडे पडायचे, ऑफिसातल्या एसीनं आणि दिवसभर स्क्रीनकडे बघून बघून. त्याला थेंब होते. मग मे महिन्याच्या शेवटी, नवतपा, म्हणजे आमच्याकडचे भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू झाला त्या आठवड्यात, तिचा डावा डोळा लाल झाला.

आम्हाला वाटलं डोळे आले. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी असं दुखायला लागलं की पोरगी भिंतीला डोकं लावून बसली. उजेड सहन होईना. खिडकीला चादर, चादरीवर टॉवेल, तरी म्हणे, "आत्या, डोळ्यात कोणीतरी सुई फिरवून राहिलं." डोळा दिसायला तेवढा वाईट नव्हता, दुखणं मात्र भलतंच. मी खालीवर, खालीवर जिने चढत होते. धम्मदीप गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. शेवटी मी ओरडले तेव्हा सगळे हलले.

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बुबुळाच्या डॉक्टर मुग्धा मॅडम, हुशार पण तोंडानं तिखट. बाहेर ही गर्दी. एक आजोबा साखरेनं पडदा खराब झालेले, एक बाई काचबिंदूचे थेंब संपले म्हणून आलेली. दीड तास मी त्या खुर्चीवर टेकले असेन तर शपथ. आम्हाला आत घेतलं तेव्हा मॅडम आमच्या आधीच्या पेशंटला झापत होत्या. कॉलेजचा मुलगा, लेन्स घालून झोपायचा. "डोळे काय भाड्यानं आणले आहेत का?" असं सगळ्यांसमोर. तो मुलगा मान खाली घालून निघून गेला.

मग प्रीतीचा डोळा तपासला. बुबुळावर जखम आहे म्हणाल्या. किती तास लेन्स घालतेस, झोपतेस का, पोहतेस का, सगळं विचारलं. आणि मग, "लेन्सला किंवा डबीला पाणी लागतं का? कुठलंही?"

प्रीती म्हणाली, "नाही मॅडम. कधीच नाही."

मी शामलाकडे बघत होते, का ते सांगता येणार नाही. तिचं तोंड जरासं उघडलं. तिनं प्रीतीकडे बघितलं, तोंड मिटलं आणि पर्समध्ये कसला तरी कागद शोधायला लागली. मला वाटलं, घाबरली असेल बिचारी.

"पाणी लागलं असतं तर मला वेगळ्या दिशेनं विचार करावा लागला असता," मॅडम म्हणाल्या. "सध्या विषाणूचं धरून औषध देते. काही आठवलं तर लगेच सांगा. यात दिवस घालवून चालत नाही."

त्यानंतरचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दर दोन दिवसांनी धंतोली. मॅडम डोळा बघायच्या आणि त्यांचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं. जखमेभोवती पांढरं कडं दिसायला लागलं. मी विचारलं, "डोळा वाचेल ना?" त्या म्हणाल्या, "नक्की कशानं झालंय ते कळलं तर सांगता येईल." घरी कुणाला बसवत नव्हतं. धम्मदीप उगाच शेडवर जायचा आणि पंधरा मिनिटांत परत यायचा. मी एकच वर्तमानपत्र चारदा वाचायचे आणि काय वाचलं ते सांगता येऊ नये. शामला तेवढी सारखी कामात. कॅन भर, टाकी घास, पुन्हा घास. जेवायला बसली तर भात चिवडून उठायची. मला तिचा राग यायला लागला होता. मी म्हटलंसुद्धा, "पोरगी तिकडे तडफडून राहिली आन् तू टाक्या कायले घासून राहिली वं?" तिनं उत्तर दिलं नाही. ही बाई मला उत्तर देत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढंही माझ्या डोक्यात शिरलं नाही. भैताडच मी.

दहाव्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन खाली आले. शामला बेसिनसमोर उभी होती, मान मागं टाकून. एका हातानं उजव्या डोळ्याच्या पापण्या ताणून धरलेल्या आणि दुसऱ्या हातात औषधाचं ड्रॉपर. बाजूला तांब्या. ती तांब्यातलं पाणी ड्रॉपरनं स्वतःच्या डोळ्यात टाकत होती. एकदा, दोनदा, दहादा.

"काय करून राहिली तू?" मी म्हटलं.

ती दचकली नाही. तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज नववा दिवस आहे, ताई. रोज वीस थेंब, दोन्ही डोळ्यांत. पाहा, काही झालं का? लाल तरी दिसते का कुठी?"

मला एकदम काही कळेना. मग ती बोलायला लागली ते थांबेचना. प्रीती सकाळी लेन्स लावून ऑफिसला गेली की तिची डबी बेसिनवर राहायची. उघडी, उपडी. हिला ते बघवायचं नाही, उघड्यावर धूळ बसते, कडेला पांढरं पांढरं साचतं. म्हणून ही रोज डबी कॅनच्या पाण्यानं धुवायची, स्वच्छ, बोट फिरवून फिरवून, आणि वर घट्ट झाकण लावून ठेवायची. आठ महिने, एक दिवस खाडा न करता.

"आन् त्या दिवशी मॅडमनं विचारलं तेव्हा?"

"तेव्हा ध्यानात आलं."

"मंग बोलली काहून नाही?"

माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. ती तशीच उभी राहिली, जणू मी मारलं असतं तरी चाललं असतं. म्हणाली, "कसं बोलू, ताई? माह्या पाण्यानं माह्या पोरीचा डोळा बिघडला, हे माह्या तोंडानं कसं बोलू? पंधरा वर्षं मी लोकाइले सांगत आली, यात काहीच नाही म्हणून. मनात म्हटलं, आधी आपल्या डोळ्यात टाकून पाहू. माह्या डोळ्याले काही नाही झालं तर पाण्याचं नाही, दुसरंच काही आहे. रोज वाटे, आज लाल होईल. नाही झाला. मले बरं वाटे, आन् पोरीकडे पाहिलं की जीव जाये."

मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ऑटो केला. धम्मदीपला प्रीतीला गाडीवरून आणायला सांगितलं आणि आम्ही दोघी पुढं. अख्ख्या रस्त्यात मी तिला बोलत होते, काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऑटोवाला आरशातून बघत होता. सिग्नलला ऑटो थांबला की मला वाटायचं, उतरून पळत जावं.

मुग्धा मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ही बाई शामलाला फाडून खाणार. पण त्या मुलाला झापलं होतं तसं काही केलं नाही. पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बाई, तुमचं पाणी प्यायला चांगलंच असेल. पण पाण्यात एक बारीक जीव राहतो. नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या, कुठल्याही. पोटात गेला तर काही करत नाही. तुमच्या साध्या डोळ्यातून पापणी मिटली की धुऊन जातो, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. पण ओल्या, बंद डबीत तो टिकतो, लेन्सला चिकटतो, आणि लेन्स त्याला तासन्‌तास बुबुळावर दाबून धरते."

शामला म्हणाली, "माह्या पाण्याची तपासणी करा. मी कॅन आणून देतो."

"आधी पोरीची करू," मॅडम म्हणाल्या.

बुबुळावरून खरवडून नमुना घेतला. जे वाटत होतं तेच निघालं. औषध बदललं. मी बाहेर येऊन मॅडमना बाजूला गाठलं आणि विचारलं, दहा दिवस आधी कळलं असतं तर? त्या बाईनं लपवलं नाही. "फरक पडला असता," म्हणाल्या. "आता जखम मधोमध आली आहे. डोळा वाचवू. नजर किती वाचेल, सांगत नाही."

प्रीतीनं विचारलं, आज अचानक औषध काहून बदललं. मी म्हटलं, "तुह्या आईले आत्ता आठवलं, ती कधीमधी डबी धुवायची." पोरगी चांगल्या डोळ्यावर हात ठेवून पडून राहिली. मला वाटलं, चला, निभलं.

नवे थेंब दर तासाला टाकायचे होते, दिवसरात्र. पुढं दोन तासांनी, मग चार. सहा महिने चाललं ते. सगळे थेंब शामलानं टाकले, मला बाटलीला हात लावू दिला नाही. कॅनचा धंदा धम्मदीपनं बघितला. कळमन्यातल्या एका अडत्यानं विचारलं, वहिनी दिसत नाहीत. धम्मदीप म्हणाला, पोरीची तब्येत. बास, एवढंच. दिवाळीपर्यंत डोळा शांत झाला. लाली गेली, दुखणं गेलं. पण बुबुळाच्या मध्यावर दुधाचा थेंब सांडावा तसा पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं समोरचं माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते नाही. प्रीती पुन्हा जाड चष्मा लावून कामावर जायला लागली. एका डोळ्यानं जिना उतरताना पायरी चुकायची, मग भिंत धरून उतरायची. तेवीस वर्षांची पोरगी भिंत धरून उतरते, म्हणून मी जिन्यातला दिवा दिवसाही चालू ठेवायचे.

मॅडम म्हणाल्या, दोन रस्ते. एक, बुबुळ बदलायचं, पण ती घाई आत्ता नको. दुसरा, कडक लेन्स. जखमेनं बुबुळ वरखाली झालंय. त्यावर कडक लेन्स बसली तर वरचा भाग सपाट होतो आणि डागाच्या कडेकडेनं बरंच दिसू शकतं. शामला ऐकायलाच तयार नव्हती. "पुन्हा लेन्स? मी मेली तरी नाही." प्रीती म्हणाली, "डोळा माझा आहे, आई." मग मार्चमध्ये आम्ही तिघी अदितीकडे गेलो.

मी सगळ्यात अस्वस्थ. प्रीती खुर्चीत, शामला तिच्या मागं, मी दाराशी, आत धड नाही आणि बाहेर धड नाही. पहिली लेन्स बसली नाही. दुसरी टोचली. तिसरी घातल्यावर डोळ्यातून घळाघळा पाणी, आणि अदिती म्हणाली, थांबूया वीस मिनिटं. ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मग समोरचा तक्ता लावला, चांगला डोळा झाकला आणि अदिती म्हणाली, वाच.

प्रीतीनं पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. चौथीत एक अक्षर चुकलं, बाकी बरोबर. पाचवीला थांबली. खाली अजून तीन ओळी होत्या, त्या नाही आल्या. पण दहा महिन्यांनी त्या डोळ्याला चार ओळी दिसल्या होत्या. मी दाराची कडी धरून उभी होते.

अदितीनं नवी डबी काढून प्रीतीच्या हातात दिली आणि सगळे नियम पहिल्यापासून सांगितले. शेवटी म्हणाली, "घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही हं डबीला." ती सहज बोलली होती. तिला काय माहीत.

शामला मागून म्हणाली, "प्रीती, मले पहिल्याच दिवशी माहीत होतं. मॅडमनं विचारलं तेव्हाच. आत्या म्हणते ते खोटं आहे. मले उशिरा नाही आठवलं."

मला वाटलं, झालं. आता पोरगी उठून जाईल, कायमची. मी पुढं झाले. पण प्रीती वळलीच नाही. तक्त्याकडेच बघत म्हणाली, "मलेपण माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डबी तू धुवायचीस ते. मी उघडी ठेवून जायची, संध्याकाळी झाकण लागलेलं राहायचं आन् आतून ओली. तुले म्हटलं असतं तर तुले वाटलं असतं, मी तुह्या पाण्याले नाव ठेवून राहिली. म्हणून नाही म्हटलं. वरून सोल्यूशन टाकतोच न आपण." तिचा आवाज शांत होता. "मॅडमनं विचारलं तेव्हा मी जाणूनच 'नाही' म्हटलं. त्या मुलाले बोलल्या तशा तुले बोलल्या असत्या सगळ्यांसमोर. मले वाटलं, औषधानं होईल बरं. मंग नाही झालं, आन् मंग सांगायची हिंमत झाली नाही."

अदितीचे हात थांबले होते. शामला खुर्चीच्या पाठीला धरून खाली वाकली.

"दहा दिवस?" ती म्हणाली. "दुखत होतं तेव्हाबी?"

"हाव," प्रीती म्हणाली, आणि रडलं तर लेन्स हलेल म्हणून मान वर करून, डोळे उघडे ठेवून तशीच बसून राहिली.